फेच म्हणतं सगळं आहे, फाईल मात्र गायब! (गिट, हरवलेला डेटा आणि गुरुवारची लाईट)

कर्वेनगरी | शुक्रवार, सकाळी ८:५२

मंडळी, गिटमधल्या जाणकारांनी जरा इकडे लक्ष द्या. (बाकीच्यांसाठी: गिट म्हणजे कोडच्या सगळ्या आवृत्त्या जपणारं साधन, रेपो म्हणजे तो साठा, कमिट म्हणजे त्यातली एक नोंद, ब्रँच म्हणजे कामाची एक फांदी. फेच म्हणजे सर्व्हरवरून नवं आणणं, पुल म्हणजे आणून आपल्या कामात मिसळणं, पुश म्हणजे सर्व्हरवर चढवणं, क्लोन म्हणजे रेपोची नवी प्रत.)

काल गुरुवार. लाईट जाणार हे पुण्यात कोणाला सांगावं लागत नाही, पण मेसेजात वेळ होती दहाची आणि गेली पावणेदहाला. यूपीएसची बॅटरी दुकानात पडली आहे. नुकतंच ऑफिसच्या रेपोवर गिट पुल करून मी चहा ओतायला उठलो होतो. लाईट आल्यावर मशीन नीट सुरू झालं (उबुंटू २२.०४), पण गिट स्टेटस केलं तर अमुक ऑब्जेक्ट फाईल रिकामी आहे, तमुक लूज ऑब्जेक्ट करप्ट आहे, असली रड. .गिट/ऑब्जेक्ट्समध्ये (गिटचा सगळा माल असतो त्या फोल्डरमध्ये) डोकावलो तर खरंच, शून्य बाइटच्या फायली पडलेल्या.

म्हटलं या उडवू आणि सर्व्हरवरून पुन्हा आणू. उडवल्या. गिट फेच केलं. एक अक्षर न बोलता परत आलं. गिट एफएससीके (साठा तपासणारी कमांड) ओरडतंय 'मिसिंग ब्लॉब' (फाईलचा मजकूर), 'मिसिंग ट्री' (फोल्डरची यादी), आणि फेचच्या मते आणण्यासारखं काहीच नाही. ब्राउझरमधून पाहिलं तर त्याच फायली सर्व्हरवर ठणठणीत.

प्रश्न एवढाच: वस्तू समोर आहे, माझ्याकडे नाही, तर फेच ती आणत का नाही? 'नवीन क्लोन कर' म्हणण्याआधी सांगतो: रेपो सहा जीबीच्या वर आहे, घरचं नेट सध्या फोनच्या हॉटस्पॉटवर आहे, आणि दोन ब्रँच फक्त माझ्याच मशीनवर आहेत.

(कमांडी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टंकायच्या.)

मिसळ_विदाउट_शेव | ९:०५

नवीन क्लोन कर. :ड

रेवती_पाषाण | ९:११

मिसळ, तुम्ही शेवटची ओळ वाचायच्या आधीच प्रतिसाद देता हे सगळ्या धाग्यांवर सिद्ध झालेलं आहे.

मिसळ_विदाउट_शेव | ९:१४

शेव नाही तर शेवटची ओळ कुठून येणार? हलके घ्या.

जुनं_खोड | ९:४०

कर्वेनगरी, आधी एक करा. अख्खं .गिट फोल्डर उचलून दुसरीकडे कॉपी करून ठेवा. नंतरच पुढे वाचा.

आता फेच गप्प का बसतं ते सांगतो. तुमच्या डिस्कवर कोणकोणते ऑब्जेक्ट शाबूत आहेत हे फेच एकेक करून तपासत बसत नाही. सर्व्हर आपल्या ब्रँचांची टोकं सांगतो: मेन या कमिटवर आहे, रिलीज त्या कमिटवर. तुमचं गिट बघतं, हा कमिट माझ्याकडे आहे का? असला तर विषयच संपला, मागणी जातच नाही. नसला तर 'वाँट' अमुक म्हणून मागतं आणि 'हॅव' तमुक म्हणून आपल्याकडचे कमिट सांगतं. मग सर्व्हर मधला फरक तेवढा बांधून देतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक गृहीत आहे. ज्याच्याकडे एखादा कमिट आहे, त्याच्याकडे त्याच्या आतली सगळी ट्री, सगळे ब्लॉब आणि मागचा सगळा इतिहास असणारच. तुमच्याकडे कमिट शाबूत आहेत, आतले ब्लॉब गेलेत. म्हणजे तुमचंच गिट सर्व्हरला सांगतंय, 'आहे हो माझ्याकडे'. तो बिचारा कशाला देईल?

बरं, नेमकं पुलनंतरच का झालं? फेचमध्ये १०० पेक्षा कमी ऑब्जेक्ट आले तर गिट तो पॅक (सगळ्यांचा एकत्र गठ्ठा) फोडून प्रत्येकाची सुटी फाईल करतं (ही मर्यादा 'फेच.अनपॅकलिमिट'ने बदलता येते). लिनक्सवर या सुट्या फायली डिस्कवर पक्क्या उतरेपर्यंत गिट थांबत नाही, वेग जातो म्हणून. फाईलचं नाव नोंदलं गेलं, मजकूर अजून मेमरीतच, आणि तेवढ्यात तुमचा गुरुवार आला.

उपाय: गिट फेच --रीफेच ओरिजिन (ओरिजिन म्हणजे आपला मूळ सर्व्हर). यात 'माझ्याकडे हे आहे' असं काही बोलायचंच नाही, नव्या क्लोनसारखं सगळं मागायचं. तुमच्या लोकल ब्रँचांना धक्का लागत नाही. फक्त शून्य बाइटच्या फायली आधी काढलेल्या बऱ्या. नाहीतर आलेला ऑब्जेक्ट जुन्या फाईलशी ताडून बघायला गेल्यावर तिथेच गाडी अडते. त्या तुम्ही काढल्याच आहेत.

नेटवर्कवाला | ९:५८

खोडबुवांना दंडवत. पण रीफेच म्हणजे पुन्हा सहा जीबीच की. हॉटस्पॉटवर?

कर्वेनगरी | १०:२०

खोडकाका, आत्ता कुठे डोक्यात प्रकाश पडला. पण गिट म्हणतं 'रीफेच' नावाचा पर्यायच त्याला माहीत नाही. स्पेलिंग तपासलं.

जुनं_खोड | १०:२६

उबुंटू २२.०४ म्हणालात नाही का! त्यात गिट २.३४ येतं. रीफेच २.३६ पासून आहे, २०२२ चा एप्रिल. पीपीएमधून (उबुंटूच्या जोडीला लावायच्या पॅकेजसाठ्यातून) नवं गिट घेता येईल, पण नेटवर्कवाल्यांचं म्हणणं खरं आहे, सहा जीबी उतरवण्यात मजा नाही. दुपारी सांगतो, आता मीटिंग.

सायली_आळंदी | १०:४५

माझी अडचण याच गल्लीतली आहे म्हणून इथेच लिहिते. वेगळा धागा काढायला हवा असेल तर संपादकांनी हलवावा.

आमच्या बिल्ड सर्व्हरवर (कोडपासून प्रोग्रॅम बांधणाऱ्या मशीनवर) आवृत्तीचा क्रमांक गिट डिस्क्राइबने, म्हणजे जवळच्या टॅगवरून काढतात. माझ्या लॅपटॉपवर बरोबर येतो, सर्व्हरवर 'नावंच सापडली नाहीत' म्हणून बिल्ड पडतं. टॅग (कमिटला दिलेली आवृत्तीची नावं) तर केव्हाचे पुश झालेत. फेच घातलं स्क्रिप्टमध्ये, उपयोग शून्य.

रेवती_पाषाण | १०:५९

सायली, बिल्ड सर्व्हर उथळ क्लोन घेत असणार, --डेप्थ १. गिटहब अ‍ॅक्शन्सचं (गिटहबवरच्या बिल्ड यंत्रणेचं) चेकआउट मुळात तेवढंच आणतं, एकच कमिट. मागचा इतिहासच नाही, तर मागच्या कमिटवरचा टॅग डिस्क्राइबला दिसणार कसा? तिथे फेच-डेप्थ ० लिहा, सगळा इतिहास आणि टॅग येतील.

हाताने करायचं तर गिट फेच --अनशॅलो --टॅग्ज. थोडंच मागे जायचं असेल तर --डीपन=५० किंवा --शॅलो-सिन्स आणि तारीख. इतिहास कुठे कापलाय याची नोंद .गिट/शॅलो या फाईलमध्ये असते. ती फाईल दिसली की समजायचं, इथे अर्धवट माल आहे.

अजून एक गोची आहे, त्यात आमच्याकडे भलेभले अडकलेत. --डेप्थ दिलं की क्लोन गुपचूप एकाच ब्रँचपुरता होतो. अनशॅलो केलं तरी बाकीच्या ब्रँच येत नाहीत, आणि मग माणूस सर्व्हरवर ब्रँच दिसतेय म्हणून डोकं आपटत बसतो. गिट कॉन्फिगमध्ये ओरिजिनखाली फेचची ओळ असते, तिथे तारांकनाच्या जागी 'मेन' लिहिलेलं सापडेल. गिट रिमोट सेट-ब्रँचेस ओरिजिन '*' करायचं (तारांकन अवतरणातच) आणि परत फेच.

सायली_आळंदी | ११:३४

रेवतीताई, चाललं!! बिल्ड हिरवं. ते तारांकनाचं पण आमच्याकडे होतंच, आता कळलं रिलीज ब्रँच का दिसत नव्हती.

बंड्या_सदाशिव | ११:४०

धागा वाचतोय. काही कळत नाहीये पण छान चाललंय.

घाटमाथा | दुपारी १२:१५

मंडळी, कर्वेनगरींना हे पुढच्या वेळी उपयोगी पडेल. एवढा मोठा रेपो पूर्ण आणायचाच कशाला? गिट क्लोन --फिल्टर=ब्लॉब:नन करा. कमिट आणि ट्री सगळे येतात, फायलींचा मजकूर मात्र लागेल तसा मागवला जातो. चेकआउट करताना (फायली कामाच्या फोल्डरमध्ये उतरवताना) त्या घडीला हव्या असलेल्या फायली येतात, जुन्या आवृत्त्या सर्व्हरवरच राहतात. 'ब्लॉब:लिमिट=१एम' दिलं तर मोठ्या फायली तेवढ्या मागे राहतात. २०१८ पासून आहे ही सोय, २.१७ मध्ये आली. आमच्या ऑफिसात आता कोणीच पूर्ण क्लोन घेत नाही.

नेटवर्कवाला | १२:३८

घाटमाथा, तुमचं नाव घाटमाथा आणि सल्ला असा? मी डेक्कन क्वीनने मुंबईला जाताना याच फिल्टरवाल्या रेपोत गिट ब्लेम (कोणती ओळ कोणी, कधी लिहिली ते बघणं) केलं होतं. गाडी खंडाळ्याच्या बोगद्यात. 'प्रॉमिसर रिमोटकडून (राहिलेला माल द्यायचं कबूल केलेल्या सर्व्हरकडून) अमुक आणता आलं नाही', फेटल, संपलं. बोगद्यातून बाहेर आलो, रेंज आली, पुन्हा केलं, जरा पुढे सरकलं, की पुढचा बोगदा हजर. कर्जतपर्यंत एका फाईलचा ब्लेम पाहत होतो.

गिट म्हणजे नेट नसताना चालणारं साधन, असं आम्ही शिकलो. सबव्हर्जनमध्ये (गिटच्या आधीच्या तसल्याच साधनात) लॉग बघायलाही सर्व्हर लागायचा म्हणून आपण हिकडं आलो ना? आणि आता तेच पुन्हा.

घाटमाथा | १२:५२

ब्लेम आणि लॉग -पी (बदलांसकट इतिहास) यांचं खरं आहे. ते जुन्या आवृत्त्या एकेक मागत सुटतात, दर ब्लॉबला एक फेरी. चेकआउटला तसं होत नाही, तिथे लागणारे सगळे एका दमात मागवले जातात. पण आता त्यालाही उपाय आहे. गिट २.४९ (मार्च २०२५) मध्ये गिट बॅकफिल आलंय. प्रवासाला निघण्याआधी घरच्या वायफायवर ते चालवायचं, राहिलेले ब्लॉब गठ्ठ्यागठ्ठ्याने येतात. --स्पार्स दिलं तर फक्त तुमच्या स्पार्स चेकआउटमधल्या, म्हणजे निवडून घेतलेल्या फोल्डरांपुरते.

नेमकं काय नाहीये ते आधी बघायचं असेल तर गिट रेव्ह-लिस्ट --ऑब्जेक्ट्स --ऑल --मिसिंग=प्रिंट. प्रश्नचिन्ह लागून आलेले हॅश (गिट ऑब्जेक्टना देतं ती नावं) म्हणजे न आणलेले.

नेटवर्कवाला | १:०३

म्हणजे आधी फिल्टर लावून निम्मा रेपो सोडायचा आणि मग बॅकफिल करून आणायचा. त्यापेक्षा सरळ पूर्ण क्लोन काय वाईट?

घाटमाथा | १:०७

त्यापेक्षा सरळ बसने जा, बोगदे कमी आहेत.

बंड्या_सदाशिव | १:१०

एक ते चार धागा बंद राहील.

चिंतामणी_आबा | ४:०५

(बंड्या, चार वाजले.)

मी काही तुमच्या क्षेत्रातला नाही, नातवाने हा धागा दाखवला. पण हरवलेला मजकूर दुसऱ्याच्या प्रतीवरून भरून काढणं ही तर आपल्या पुण्याची जुनी विद्या आहे. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ ला सुरू झालं ते १९६६ ला संपलं. सुखठणकरांसारखे संपादक, आणि १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. एका पोथीचं पान वाळवीने खाल्लेलं असेल तर काश्मीरच्या प्रतीत बघा, तिथे शंका आली तर दक्षिणेकडच्या प्रतीत बघा. तुमचा हा सर्व्हर आणि सहकाऱ्यांची मशीन म्हणजे त्या पोथ्याच नाहीत का?

जुनं_खोड | ४:३१

आबा, नमस्कार. उदाहरण सुरेख, पण एका जागी मोडतं. पोथीचा लेखनिक शब्द बदलतो, श्लोक घालतो, म्हणून तर ताडून बघायचे कष्ट. गिटमध्ये ब्लॉबचं नावच त्याच्या मजकुरावरून काढलेलं असतं, शा-१ चे ४० अंक-अक्षरांचे. एक स्वल्पविराम बदलला की नाव बदललं. त्यामुळे माझ्याकडचा तो ब्लॉब आणि तुमच्याकडचा तो ब्लॉब यात पाठभेद संभवतच नाही. कोणाकडूनही आणा, नाव जुळलं की माल अस्सल.

चिंतामणी_आबा | ४:४८

अरे वा. म्हणजे सुखठणकरांना हे मिळालं असतं तर सत्तेचाळीस वर्षं लागली नसती.

रेवती_पाषाण | ४:५५

आबा, प्रक्षिप्त श्लोकांनाही वेगळा हॅश मिळाला असता, आणि कोणता मूळ यावर भांडण तसंच चालू राहिलं असतं. :)

जुनं_खोड | ५:१०

मूळ मुद्द्यावर. कर्वेनगरी, वर म्हटलं ते तुमच्या कामाचं आहे. सर्व्हरकडूनच आणलं पाहिजे असं नाही. तुमच्या टीममधला कोणी पुण्यात असेल ज्याने काल-परवा पुल केलंय, त्याला हे करायला सांगा:

गिट बंडल क्रिएट नवं.बंडल --सिन्स=२.वीक्स --ऑल

गेल्या दोन आठवड्यांतला माल तेवढा एका फाईलमध्ये बांधला जातो. तुमचे गेलेले ब्लॉब कालच्याच पुलमधले, म्हणजे बहुतेक त्यात असणार. फाईल काही एमबीची होईल, व्हॉट्सअ‍ॅपवरही येईल. तुमच्याकडे गिट बंडल व्हेरिफाय, आणि मग गिट बंडल अनबंडल. यात ते 'आहे का, नाही का' विचारणं नाही, पॅक थेट तुमच्या ऑब्जेक्ट्समध्ये जाऊन बसतो. आणि हे २.३४ ला चालतं.

मिसळ_विदाउट_शेव | ५:२२

कमिटचा हॅश देऊन थेट गिट फेच ओरिजिन अमुकतमुक केलं तर? एवढं बंडल-बिंडल कशाला.

जुनं_खोड | ५:२९

तुमच्याकडून इतका चांगला प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. कमिटचा हॅश देऊन मागता येतं, सर्व्हरने मुभा दिली असली तर. पण तो कमिट यांच्याकडे आहे. मग पुन्हा तेच, 'आहे माझ्याकडे'.

जिथे कमिटच आलेला नाही तिथे मात्र हे फार कामाला येतं. उदाहरणार्थ कोणी ब्रँच सर्व्हरवरून काढून टाकली आणि तिचं काम हवंय. गिटहबवर पुल रिक्वेस्ट (माझे बदल घ्या अशी विनंती) केली असेल तर ब्रँच उडाली तरी रेफ्स/पुल/क्रमांक/हेड हा संदर्भ तिथे राहतो. गिट फेच ओरिजिन पुल/क्रमांक/हेड म्हणायचं. गिटलॅबवर त्याच जागी मर्ज-रिक्वेस्ट्स. साधं फेच हे संदर्भ आणत नाही, कारण त्याला मुळात फक्त रेफ्स/हेड्स आणायला सांगितलेलं असतं.

डिझाईनवाली_मुग्धा | ६:१४

माझापण प्रश्न, कृपया हसू नका. आमच्या ग्राफिक्सच्या फायली गिटमध्ये आहेत. नवीन लॅपटॉपवर क्लोन केलं, फायली सगळ्या दिसतात, नावं बरोबर, पण फोटोशॉप म्हणतो ही फाईल नाहीच. आकार बघितला तर एकेक फाईल सव्वाशे-दीडशे बाइट. मूळ फाईल ऐंशी एमबीची आहे.

रेवती_पाषाण | ६:२१

त्यातली एक नोटपॅडमध्ये उघडून बघा. तीन ओळी असतील. पहिली 'व्हर्जन' आणि एक पत्ता, दुसरी 'ओआयडी शा२५६' आणि लांबलचक आकडा, तिसरी 'साइझ'.

डिझाईनवाली_मुग्धा | ६:२५

अगं हो!! तुला कसं कळलं?

रेवती_पाषाण | ६:३३

ते गिट एलएफएस आहे. गिटमध्ये फक्त ती तीन ओळींची चिठ्ठी राहते, खरी फाईल वेगळ्या साठ्यात. नव्या लॅपटॉपवर गिट एलएफएस बसवलेलं नाही, म्हणून चिठ्ठ्या तशाच उतरल्या. ते बसव, मग गिट एलएफएस इन्स्टॉल, मग रेपोत जाऊन गिट एलएफएस पुल. नुसतं गिट पुल करून काही होणार नाही, गिटच्या दृष्टीने चिठ्ठी हीच फाईल आहे आणि ती पोचलेली आहे.

आणि एक फोल्डर रिकामं दिसलं तर ते कदाचित सबमॉड्यूल (रेपोत जोडलेला दुसरा रेपो) असेल. त्याला गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह.

डिझाईनवाली_मुग्धा | ७:४०

ऐंशी एमबी उतरली, उघडली. तुळशीबागेतली भेळ माझ्याकडून.

बंड्या_सदाशिव | ७:४२

मला काही कळलं नसलं तरी मी पण येतो.

नेटवर्कवाला | रात्री ८:१५

अवांतर: कंपन्या म्हणतात आमच्याकडे मिरर (सर्व्हरशी आपोआप जुळवली जाणारी प्रत) आहे म्हणून बॅकअप नको. त्यांना केडीईची (लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या प्रकल्पाची) गोष्ट सांगावी. मार्च २०१३ मध्ये त्यांच्या मुख्य गिट सर्व्हरची फाईल सिस्टम बिघडली, आणि मिरर सर्व्हर इमानेइतबारे ती बिघडलेली अवस्थाच उतरवून घेत होते. सुमारे १५०० रेपो. एका मशीनवरची प्रत त्या सिंकच्या तडाख्यातून सुटली म्हणून सगळं परत मिळालं.

घाटमाथा | ८:३०

आमच्या वादात आता आपण एका बाजूला आलो म्हणायचं. अशा वेळी माझे फिल्टरवाले क्लोन काही कामाचे नाहीत. सर्व्हर गेला तर त्यांच्याकडे मजकूरच नाही. टीममध्ये निदान एकाकडे तरी पूर्ण क्लोन हवा.

नेटवर्कवाला | ८:३४

स्क्रीनशॉट काढून ठेवला.

कर्वेनगरी | ९:५०

मंडळी, अहवाल.

कोथरूडच्या सहकाऱ्याकडून बंडल मागवलं. रागावला नाही, उलट त्यानेही पहिल्यांदाच ही कमांड चालवली. फाईल अकरा एमबी. व्हेरिफाय बरोबर, अनबंडल केलं, आणि एफएससीकेची निम्म्याहून जास्त कुरकुर एका झटक्यात बंद. सहा जीबीच्या जागी अकरा एमबी, खोडकाकांचा विजय असो.

पण दोन ब्लॉब अजून 'मिसिंग' आहेत. ते माझ्या लोकल ब्रँचमधल्या शेवटच्या कमिटचे दिसतात. म्हणजे जगात दुसऱ्या कोणाकडे नाहीत. ते गेलेच ना?

जुनं_खोड | १०:०२

त्या फायली त्या कमिटनंतर बदलल्या आहेत का? काम करत होतात त्या फोल्डरमध्ये आहेत ना अजून?

कर्वेनगरी | १०:०६

आहेत. कमिटनंतर हात लावलेला नाही.

जुनं_खोड | १०:११

मग काय गेलं? मघाशी आबांना सांगितलं तेच. नाव मजकुरावरून निघतं. गिट हॅश-ऑब्जेक्ट -डब्ल्यू आणि फाईलचं नाव. तोच मजकूर, म्हणून तोच हॅश, म्हणून तोच ब्लॉब पुन्हा जागेवर. आधी -डब्ल्यू न देता चालवून छापलेला हॅश एफएससीकेच्या यादीशी ताडून बघा. विंडोजवर ओळींच्या शेवटाचं रूपांतर चालू असेल तर फरक पडू शकतो, उबुंटूवर सहसा नाही.

कर्वेनगरी | १०:२४

जुळला! दोन्ही जुळले!! एफएससीके आता नुसते 'डँगलिंग' दाखवतंय, ते चालतं ना?

जुनं_खोड | १०:२७

डँगलिंग म्हणजे कोणी वारस नसलेले, पण शाबूत. चालतात. आता दोन्ही ब्रँच आधी पुश करा, मग जेवा.

चिंतामणी_आबा | १०:३३

आपली फाईलच आपली साक्षीदार! आमच्या वेळी असं असतं तर! झोपतो आता.

सायली_आळंदी | १०:४०

वाचनखूण साठवली. पण हे पुढच्या गुरुवारी पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं ते कोणी लिहिलंच नाही.

घाटमाथा | १०:५२

गिट २.३६ पासून कोअर.एफसिंक नावाचं सेटिंग आहे. गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.एफसिंक कमिटेड, म्हणजे सुट्या ऑब्जेक्टच्या फायलीही डिस्कवर उतरल्याशिवाय गिट पुढे जात नाही. किंचित सावकाश होतं. विंडोजवर ते मुळातच तसं असतं. कर्वेनगरींच्या २.३४ ला मात्र जुनं नाव, कोअर.एफसिंकऑब्जेक्टफाइल्स ट्रू.

मिसळ_विदाउट_शेव | १०:५८

किंवा दुकानातून बॅटरी आणायची.

कर्वेनगरी | ११:०३

दुकानदार म्हणतो सोमवारी. सेटिंग आत्ता लावलं.